व्हॅनच्या मागची पेटी

शाळेची जुनी व्हॅन विकत घेऊन मी तिच्यात पलंग, ओटा आणि फुलाफुलांचे पडदे बसवले, तेव्हा अमरावतीतल्या आमच्या गल्लीने मला वेड्यात काढलं. मला ते फार आवडलं. चाळिशी उलटलेल्या वकिलाकडे एरवी एवढ्या कौतुकाने कोण पाहतं? अडचण एकच होती. त्या पलंगावर बायको अजून एकदाही झोपली नव्हती. तिथे कायम सामान झोपलेलं असायचं. घडीच्या खुर्च्या, शेगडी, ताडपत्री, पाण्याचे कॅन, आणि रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक नातेवाइकाने खिडकीतून आत ढकललेली वांगी.

"लोणारले जाऊ म्हणता, जाऊ," बायको म्हणाली. "पण या टायमाले मी पलंगावर आडवी झाली नाई, तं घरी आल्याबरोबर व्हॅन विकायची. समजलं?"

या निकालावर अपील नव्हतं. मग मला पेटी सुचली. गाडीच्या चेसिसला मागून जाड हूक बसवायचा, त्यात लोखंडी चौकट अडकवायची आणि चौकटीवर पत्र्याची भलीमोठी पेटी. सामान बाहेर, पलंग मोकळा! बडनेरा रोडवरच्या वेल्डिंगवाल्याला मी हे एवढे हातवारे करून समजावलं, की शेजारच्या टपरीवरचे लोक कप घेऊन ऐकायला आले.

"काका, यात तं काकूसुद्धा मावतीन," वेल्डिंगवाला म्हणाला.

"काकूच ऐनवेळी म्हणतीन, पलंगच पाहिजे. तू बनव."

मागचं दार अडू नये म्हणून चौकटीला बिजागरी दिली. खिटी काढली, की अख्खी पेटी दारासारखी बाजूला फिरायची. नंबरप्लेट आणि लाल दिवे पेटीवर आले. मी ती दिवसातून कितीदा उगाच फिरवून पाहिली, ते विचारू नका.

निघालो. वाटेत अकोल्याला धाकटी बहीण राहते. तिच्यासाठी घेतलेली संत्री मी पेटीतच, खुर्च्यांच्या वर ओतली होती. तिच्या फाटकासमोर मी खाली उतरलो, खिटी काढली आणि पेटी झोकात फिरवली. गल्ली जमली. गल्ली जमल्यावर मला आवरत नाही. संत्री तर काढलीच. पेटी केवढी आहे ते दिसावं म्हणून खुर्च्या, शेगडी, ताडपत्री, सगळंच बाहेर काढलं आणि आतल्या पत्र्यावर थाप मारून दाखवली. पेटी रिकामी, छान घुमली.

बहिणीचा चेहरा पाहिला आणि माझा हात तिथेच थांबला. आमच्याकडे शेजारून भाजीची वाटी आली, तर ती रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि मी तर तिच्या दारात माणूस मावेल एवढी पेटी रिकामी केली होती!

"अवं, ही गाडीची पेटी होय!"

"मंग? माह्या दारात रिकामी झाली ना? तशीच नेशीन तं माह्याशी बोलू नको, दादा."

गव्हाचा कट्टा आला. तुरीची डाळ आली. कुरडया, भरताची वांगी, लोणच्याची बरणी आली. शेजारीण कवठं घेऊन धावली, तिलाही नाही म्हणवेना. व्हॅन मागून बसली आणि नाक वर करून उभी राहिली. पेटीचं झाकण बहिणीने त्यावर बसून लावलं.

उरलं माझं सामान, रस्त्यावर. बायको कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. मी हळूच एक खुर्ची उचलली आणि पलंगाकडे निघालो.

"ठेवा थे खाली."

ठेवली.

"बाई," ती नणंदेला म्हणाली, "आमी परत इकडूनच येऊन राहिलो. थोवर हे समदं तुमच्या माडीवर राहू द्या."

"अवं, पण खुर्च्या? शेगडी? बसू कशावर?" माझा आवाज फाटला.

"गव्हाच्या कट्ट्यावर."

मग तिने चपला काढल्या, व्हॅनमध्ये चढली, पडदा पूर्ण बाजूला सारला आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या साक्षीने, पलंगावर पाय पसरून आडवी झाली.

"वयनी, उशी देऊ काय?" बहिणीने खिडकीतून विचारलं.

"नको बाई. उशी आली का तिच्यासंगं गादी येईन."

गल्ली खो-खो हसली. मी मुकाट्याने स्टिअरिंगवर बसलो. पातूरच्या घाटात मागून घोरणं सुरू झालं. घाटापुढच्या मालेगावात चहासाठी गाडी थांबवली, तर घोरणंही थांबलं.

"कावून थांबले?" पडद्याआडून आवाज आला. "चालू द्या ना."

व्हॅन वाचली होती. मी चहा सोडून दिला आणि गिअर टाकला.