गुणाबाईची ढवळी आणि जंतांचा डोस

अकलोलीच्या गुणाबाईचा देवावरसुद्धा पुरता भरवसा नव्हता, तिथं माणसांची काय कथा! शेजारची मैना नुसती गोठ्यात डोकावली तरी ही वाटेत उभी राहून विचारायची, "काय पायजे गं?" नवरा गेल्यावर दोन गुरांच्या जिवावर तिनं पोराला वाढवलं, ते डोळ्यांत तेल घालूनच. नावं ठेवणाऱ्यांनी आधी तेवढं करून दाखवावं.

तर तिची गाय ढवळी दोन वर्षं भाकड होती. यंदा दसऱ्याला तिला गावातल्या रघूच्या वळूला दाखवली आणि ती पुन्हा माजावर आलीच नाही, म्हणजे गाभण राहिली. गुणाबाईला इतका आनंद झाला, की तिनं तो कुणालाच सांगितला नाही! तीन महिने पोटातलं कळू द्यायचं नाही, नजर लागते, हा सासूपासूनचा रिवाज. पोराला, कुणालला, फोनवरसुद्धा सांगितलं नाही. तो कामाला कशेळीच्या गोदामात. तिथं शंभर कान.

महिन्याभरानं भिवंडीहून जनावरांचा डॉक्टर धनेश आला. भात कापलं की गुरं ओल्या खाचरांत चरतात, गवताबरोबर जंत पोटात जातात, म्हणून एक डोस पावसाआधी आणि एक आता, असं तो घरोघर सांगत होता.

"मावशी, गाभण आहे का ही?" त्यानं बाटली उघडण्याआधी विचारलं.

कुडापलीकडे मैना अंगण झाडत होती. तिचा झाडू थांबलाय असं गुणाबाईला वाटलं. आणि याला मेल्याला कशाला चौकशा? गावभर सांगत फिरायला?

"न्हाय," ती म्हणाली.

"नक्की? सुरुवातीच्या दिवसांत हे औषध चालत नाही. दुसरं देतो."

आता तर तिचा संशय पक्का झाला. दुसऱ्या औषधाचं नाव काढून हा माझ्या तोंडून वदवून घेतोय!

"न्हाय म्हनलं ना रं! धा येळा सांगू?"

धनेशनं डोस पाजला आणि पुढच्या घरी गेला.

पंधरा-वीस दिवसांनी ढवळी हंबरायला लागली, दावं तोडायला बघायला लागली. पुन्हा माजावर आली होती, म्हणजे पोटातलं गेलं होतं. गुणाबाई गव्हाणीपाशी मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. मैना धावत आली. तिला आता सगळं सांगावंच लागलं, म्हणजे जवळजवळ सगळं.

"अगं बाई! गाभण गाईला डोस पाजला?" मैना कडाडली. बिचारीनं त्या दिवशी काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. "त्या डाक्टरनं घात केला! येऊ दे परत गावात!"

माणसं जमली. कुणी शिव्या दिल्या, कुणी तक्रार करायला फोन काढला. गुणाबाईनं नुसतं गप्प बसायचं होतं. किती सोपं होतं ते! तिला ते हवंसंही वाटलं, खोटं कशाला बोला. मग ती उठली.

"त्याला कुनी काय बोलाचं न्हाय," ती म्हणाली. "त्यानं दोनदा इचारलं. दोन्ही येळा मीच न्हाय म्हनले."