घग्गरचे दगड आणि शुभदा

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंडीगडला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर दिल्लीहून येणाऱ्या नणंदेची वाट पाहत उभी होते. शुभदाचा नवरा सतीश एवढंच म्हणाला, ‘‘सकाळी गेली. शांतपणे.’’ त्याला आता दीड महिना होईल...

आमची ओळख चंडीगडशेजारच्या पंचकुल्यातली. नवऱ्यांच्या बदल्यांमुळे इथे आलेल्या आम्ही दोघी. मी साताऱ्याची, ती सांगलीची. मोहालीत ती नदीतल्या माशांवर संशोधन करायची. मला वाटायचं, पाणी असलं की मासे असणारच. एका रविवारी ती मला जवळच्या घग्गर नदीवर घेऊन गेली. खळाळत्या पाण्यात गुडघाभर उभं राहून तिने एक दगड अलगद कलता केला. खाली बोटाएवढा, दगडाच्याच रंगाचा मासा. थोडं पुढे झाडाच्या सावलीत संथ डोह होता. तिथले मासे निराळेच, मोठ्या खवल्यांचे. ‘‘अगं, नदी एकच, पण प्रत्येकाला राहायला वेगळी जागा लागते,’’ ती म्हणाली.

पुढे सफाईच्या नावाखाली त्याच पट्ट्यातले दगड मशीन लावून उचलले गेले. पात्र सपाट झालं, पाणी सगळीकडे उथळ आणि कोमट. कुठेही तगणारे एकदोन जातींचे मासे तेवढे जाळ्यात येऊ लागले. शुभदा चिडली होती, पण भांडत बसली नाही. काम पाहणाऱ्या इंजिनिअरलाच नदीवर घेऊन गेली. तो म्हणाला, ‘‘मॅडमजी, पानी तो उतना ही है.’’

‘‘पानी है जी, रहने की जगह नहीं है,’’ ती म्हणाली, आणि बूट काढायला लावून तिने त्याला पाण्यात उतरवलं.

त्याच्या मागे लागून लागून तिने मोठे दगड परत टाकून घेतले, डोह पुन्हा खोल करून घेतला, काठावर झाडं लावून घेतली. तोवर तिचं आजारपण सुरू झालं होतं. केमो चालू असतानाही बरं वाटलं की ती काठावर खुर्ची टाकून बसायची, तिचे विद्यार्थी जाळं टाकायचे. यंदा थंडी सरताना त्या दगडांखाली ते बोटाएवढे मासे पुन्हा दिसले. ती माझा हात धरून उठली, चपला काढल्या आणि पाण्यात पाय बुडवून बराच वेळ उभी राहिली... इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलंय.

मागच्या रविवारी तिची मुलगी ईरा आणि मी तिथे गेलो. ईराला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीत. मी डोहात वाकून पाहू लागले तशी ती हळूच म्हणाली, ‘‘मावशी, परछाईं हटा लो. मम्मा पहले सूरज देखती थीं, फिर खड़ी होती थीं.’’

आम्ही दोघी बाजूला सरकलो. पाण्यावरची सावली गेली, आणि जरा वेळाने मासे वर आले.