हे हातानं जेवत नाहीत

क्षिप्रा मॅडम आल्या तेव्हा माझी भांडी अर्धी घासून व्हायची होती. त्या फिजिओथेरपीवाल्या. पॅरॅलिसिस झालेला माणूस घरी कसा राहतो, काय काय स्वतः करतो, हे विचारायला ट्रस्टच्या दवाखान्यातनं अधूनमधून येतात. पोरगी गोड आहे, पण येते ती बरोबर माझ्या कामाच्या वेळेला. हात पुसत बाहेर आले तर आमचे हे शर्ट घालून खुर्चीत तयार. मॅडम येणार म्हणलं की डाव्या हातानं बटणं बरोबर लागतात बघा!

"काका, आंघोळ?"

"बसून करतो. पाठ ही घासती."

"संडासला?"

"जातो. भिंत धरून."

"आणि जेवण? स्वतः जेवता का?"

यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही भरवती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. डावा हात डोक्यापर्यंत न्यायला लावला, वाटीतले शेंगदाणे उचलायला लावले, पाण्याचा ग्लास तोंडाला लावायला लावला. सगळं केलं की यांनी! एक दाणा सांडला नाही. "काकू, तुम्ही भरवणं बंद करा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना जमतंय."

जमतंय, ते मला माहीत नाही होय! पण यांचं एकच. "ज्या हातानं धुतो त्याच हातानं घास घेऊ? एकच हात राहिलाय मला." साबण झाला, चमचा झाला. चमचा दिला तर म्हणाले, मी काय दवाखान्यात ॲडमिट हाय? मागं मीच एकदा हट्टाला पेटले. ताट पुढ्यात ठेवलं आणि शेजारणीकडं जाऊन बसले. येऊन बघते तर ताट तसंच, आणि हे घामानं डबडबलेले, हात थरथरतोय. शुगरची गोळी पोटात गेलेली, वर अन्नाचा कण नाही. घाईघाईनं साखर चारली. त्या दिवसापासून माझा धीरच गेला. हे सगळं मॅडमना काय सांगणार? त्यांनी लिहायचं ते लिहून घेतलं आणि चहा न घेता गेल्या.

हे म्हणजे मारोती. तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, सारा जन्म शिफ्टमध्ये गेला. बाहेर मोठा माणूस. चौदा एप्रिलला मंडळात यांचाच आवाज सगळ्यांच्या वर. घरात मात्र यायचं, जेवायचं, झोपायचं. आमच्या संसारातलं बोलणं म्हणजे "मीठ कमी हाय" आणि "दार लाव". मारलं नाही, पिऊन आले नाहीत, खोटं कशाला बोलू? पण कधी दोन मिनटं टेकले नाहीत माझ्याजवळ. मग कंपनीतच उजवी बाजू गेली. सुरुवातीला दोस्त यायचे. आता कळंबोलीच्या ह्या दोन खोल्या, हे आणि मी.

भाकरी वरणात चुरायची, घास करायचा, गिळेपर्यंत थांबायचं, ठसका लागला तर पाठीवर हात फिरवायचा. दिवसातनं तीन वेळा. तोवर माझी भाकरी गार. लग्न नाही, बारसं नाही, कुठं जाणं नाही. जाऊ द्या, लग्नाबारशाचं काय एवढं! पण जिंतूरकडं माझी आई होती. दिवाळीपासनं अंथरुणाला खिळलेली. भावाचा फोन आला की एकच, "अक्का, आई तुझं नाव घेती."

आमची क्रांती उलव्याला दिलेली आहे. तिचं बाळ अजून अंगावर पितं. तरी ती म्हणाली, "आई, तू जा, मी येते पप्पांकडे." गेले एकदा. कळंबोली नाक्यावर ट्रॅव्हल्स उभी, एक पाय पायरीवर, आणि क्रांतीचा फोन. "आई, पप्पा तोंडच उघडेनात. गोळी देऊन बसले मी. काय करू?" गाडी सोडली. घरी येऊन घास पुढं केला, तर लगेच तोंड उघडलं. असा राग आला मला, वाटलं वरणाची वाटी यांच्या डोक्यावर पालथी करावी. पण भरवलं. रात्री आईला फोनवर म्हणलं, उन्हाळ्यात येते. ती म्हणाली, "ये गं, जमंल तसं."

उन्हाळ्यापर्यंत ती काही थांबली नाही. एक दिवस सकाळी भावाचा फोन आला. ह्या वेळी मी यांना विचारलंसुद्धा नाही. क्रांतीला बोलावलं, पिशवी भरली, निघाले. पोचले तेव्हा आईला अंगणात झाकून ठेवलं होतं, माझ्यासाठीच थांबले होते सगळे. तोंड बघितलं. एवढंसं झालं होतं. जलदानविधी होईपर्यंत राहिले. रोज क्रांतीला विचारायचे, पप्पा जेवले का? "जेवले, तू टेन्शन घेऊ नको," म्हणायची. मला वाटलं, सासू गेलीय म्हणून शहाणे झाले, पोरीच्या हातनं खात असतील.

परत आले तर क्रांती दारातच. तोंडावर हसू मावत नव्हतं. "आई, सरप्राइज! पप्पा स्वतः जेवतात! पहिल्या दिवसापासून. बाळ रडत होतं म्हणून मी ताट ठेवून आत गेले, येऊन बघते तर ताट साफ. भाजी परत मागून घेतली! तू आल्यावर सांगायचं ठरवलं होतं." पोरीला किती आनंद झाला होता. मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी. हे भिंतीकडं बघत बसले होते.

संध्याकाळी क्रांती गेली. मी वाढलं, ताट यांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसले. "जेवा. धुवायच्या हाताचं काय झालं मग?"

मान खाली घालून बोलले, अडखळत. "तू भरवायचीस तेवढाच वेळ माझ्यापाशी बसायचीस. बाकी दिवसभर तू असती घरात, पण ह्या खोलीतनं त्या खोलीत."

"मग बस म्हणायचं होतं!" माझा आवाज शेजारी गेला असेल, जाऊ दे. "वाचा गेली नव्हती तुमची! माझी आई माझी वाट बघत गेली हो, तुमच्या ह्या घासापायी!" आणि मग मला रडू आवरेना. गावी रडले नव्हते एवढी रडले.

हेही रडत होते. तोंडाच्या वाकड्या बाजूनं लाळ गळत होती, ती मी पुसली नाही. म्हणाले, "आयुष्यात कधी 'बस' म्हणलो नाही, केशर. आता कसं म्हणायचं, कळंना मला."

तेव्हापासनं हे हातानं जेवतात. मी समोर ताट घेऊन बसते, माझीही भाकरी गरम असते. कधी यांच्याकडं बघून जीव कळवळतो. कधी आई डोळ्यासमोर येते, मग माझं मी ताट उचलते आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवते. तेव्हा हे हातातला घास थांबवून आतल्या खोलीकडं बघत म्हणतात, "केशर, बस की गं इथं." शिकलेत आता म्हणायला. मला ऐकू येतं. कधी जाऊन बसते. कधी नाही बसत.