व्हय म्हाराजा

एकच गोष्ट जन्मभर पहिल्यांदाच ऐकण्याचं भाग्य या पृथ्वीतलावर फक्त माझ्या थोरल्या चुलतभावाला लाभलं होतं. चारकोपच्या त्याच्या इमारतीतली लिफ्ट ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणाली की दादा अदबीने ‘हो, करतो’ म्हणायचा. वहिनी करवादायची, “अहो, ती बाई वर्षानुवर्षं तेच सांगतेय!” “पण सांगतेय ना!” लेकीला अक्षरं लागेनात म्हणून चाचणीला नेलं, तर तिथल्या बाई दादालाच प्रश्न विचारू लागल्या. डिस्लेक्सिया दोघांनाही होता. बाई म्हणाल्या, “तोच आवाज पुन्हा आला की बहुतेकांचा मेंदू ओळख पटून निवांत होतो. तुमच्यासारख्या काहींचा तसा होत नाही, म्हणून आवाजांचा क्रम बसायला वेळ लागतो.” दादाला लगेच पटलं. “म्हणजे आतला वॉचमन रोज नवा. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यालाच विचारतो, कोणाकडे जायचंय?”

काका, म्हणजे दादाचे वडील, वारल्यावर गणपतीचं गाऱ्हाणं अशा माणसाकडे आलं. घरातल्या थोरल्याने देवाकडे मागायचं आणि दर मागण्याला आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काकांचे शब्द आपल्या तोंडी मोडतील, ही त्याची धास्ती. फोनवर रेकॉर्ड केलेला त्यांचा आवाज त्याने इतका ऐकला की भिंतीपलीकडच्या गुजराती कुटुंबाला गाऱ्हाणं पाठ झालं, त्याला नाही. चतुर्थीला तो मधेच अडकला. आम्ही सुशिक्षित मंडळी, आमचे मेंदू पहिल्या ओळीलाच निवांत झालेले, शांतता पडताच एकसुरात ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

“थांबा रे! मी अजून काय मागूकच नाय, व्हय कसला म्हणतास?”

मग घामाघूम दादाने आठवेल ते सोडून दिसेल ते मागायला घेतलं. वहिनीचे गुडघे, लेकीची शाळा, आणि माझ्याकडे बोट दाखवून, “ह्या पुस्तकातल्या किड्याक माणसांशी बोलूक शिकव रे म्हाराजा!” माझ्या सख्ख्या बायकोने सर्वांत मोठ्याने होकार भरला. पुढे दरवर्षी हेच. काकांचे शब्द मोडले म्हणून तो दिवसभर खजील असायचा. आम्ही मात्र कान टवकारून बसायचो, न जाणो आज कोणाची अब्रू निघेल.

यंदा दादा नाही. गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. मी काकांचं शब्दन् शब्द म्हटलं, कुठे अडखळलो नाही, होकारही ठरल्या जागी आले. आरती झाल्यावर वहिनी प्रसाद वाटत माझ्यापाशी आली.

“छान म्हटलंत हो भावजी,” ती हळूच म्हणाली. “काय मागितलंत?”

मला सांगता येईना.