बाशिंगाची वाळलेली पाने

पावसाळ्यातल्या दर सोमवारी मी भोरहून एसटीने वेल्ह्याला जातो आणि गावावरच्या रानातील महादेवाला अभिषेक करतो. देवळालगतच्या जुन्या आंब्याच्या खोडावर एक नेचा वाढला आहे. वर लांब, कातरल्यासारखी हिरवी पाने. खाली खोडाला घट्ट चिकटलेली, तळहाताएवढी तपकिरी पाने. यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला लागोपाठ दोन सोमवार मी ती तपकिरी पाने खुडून निर्माल्यात ठेवली. देवाच्या दारी वाळलेले पान राहू नये, एवढाच हेतू होता.

पुढच्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. तिसऱ्या सोमवारी पाहतो तो हिरव्या पानांनी माना टाकलेल्या. देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशी तेथेच उभ्या होत्या.

“गुरुजी, खालची पानं तुमी काढली?”

मी होय म्हणालो. ती मेलेली होती, असेही सांगितले.

“मेली न्हाईत, ती तशीच असत्यात. बाशिंग म्हनत्यात याला. तुमी तर नवरदेवाचं बाशिंग मांडवातच उतरवलंत.”

उरलेले एकुलते तपकिरी पान त्यांनी हलकेच बाजूला करून दाखवले. मागे आंब्याची कुजलेली पाने, ओली काळी माती आणि तीत शिरलेली मुळे. पुरुषभर उंचीवर त्या नेच्याने आपल्यापुरती जमीन साठवली होती आणि मी ती सेवा म्हणून उपसली होती.

घरी येऊन निघंटू, म्हणजे वनौषधींचे जुने कोश, उघडले. एके ठिकाणी वर्णन हिरव्या पानाचे, दुसरीकडे त्याची गणना बांडगुळात. एकाच वनस्पतीला दोन तऱ्हेची पाने, हे मनाला पटेना. हिरव्या पानांखालचे तपकिरी ठिपके मला रोग वाटले होते. मावशींच्या मते ते बी. काय जिवंत आणि काय मृत, एवढेही मला सांगता येत नव्हते.

पुढच्या खेपेस मी आंब्याखालचा ओला पाचोळा मूठभर उचलून त्या उघड्या मुळांवर दाबून बसवला. चार सोमवारांनी तेथे एक पान फुटले. रुंद, बिनदेठाचे, पण हिरवे. ते वरचे की खालचे, मला कळेना.

“खालचंच हाय,” मावशी म्हणाल्या. “वाळू द्या.”

तेव्हापासून अभिषेक झाला की मी आंब्यापाशी थांबतो. आयुष्यात प्रथमच एखादे पान वाळावे म्हणून देवाजवळ मागणे मागितले आणि ते मागणे योग्य की अयोग्य, हेही मला ठाऊक नाही. परवा त्याची कड किंचित तपकिरी दिसली.