सोनाट्यावरचा चीक
केळीच्या चिकाचा वास आला की मला त्या पाऊण तासाच्या सोनाट्याचा राग येतो. चोपड्याच्या उन्हाळ्यात, स्वरलिपीची पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवून, मी पियानोवर तो घोटत होते. केळीचे घड कापून आलेले वडील शेजारी बसले आणि मी मान हलवली की पान उलटू लागले. मध्येच पानांचा गठ्ठा बघून म्हणाले, "हाई बठ्ठं एकज माणूसनी लिखं? तुनावर काय राग व्हता त्याना?" मी हसले नाही. हात न धुता पानांना हात लावला म्हणून त्यांच्यावर खेकसले. ते उठले, पुन्हा कधी पान उलटायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पानावरचा चीक काळा पडला, चार स्वर त्याखाली गेले. सोनाटा मला आजही सोसत नाही. वाजवताना दहा ठिकाणी चुकते, पण त्या डागाखालचे चार स्वर कधीच नाही.