अक्काच्या दारातली केळ

आमच्या घरमालकीण अक्काला ‘चुकलं’ हा शब्द येत नव्हता. तेलुगू तिची घरची भाषा, मराठी फाडफाड बोलायची, भाजीवाल्याशी दखनीत भांडायची. पण तिन्ही भाषांत मिळून हा एक शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. दूध उतू गेलं तर दूधवाल्याचा दोष, चष्मा हरवला तर सुनेचा, आणि बाकी जगात जे काही बिघडेल ते माझ्यामुळे, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीमुळे. इतकी वर्षं तिच्या घरात राहिले, पण तिने मला नावाने हाक मारली नाही. मी तिच्यासाठी ‘ए वरची’.

दिवसभर ती मांडीवर सूप घेऊन दारात विड्या वळत बसायची. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. संध्याकाळी गाडी लावून जिन्याकडे वळले की हजेरी सुरू. “आज उशीर का गं? कुटं गेलतीस?” माझे यजमान रेल्वेत, ड्यूटी होटगीला. त्यांनी कधी असं विचारलं नाही. ही बया मात्र रोज विचारणार, आणि उत्तर ऐकून ‘हूं’ असं करणार की जणू मी थाप मारलीय.

भांडणं पुष्कळ झाली. नळाच्या पाण्यावरून झाली, वाळत घातलेल्या कपड्यांवरून झाली. ती मी विसरलेही असते. केळीचं मात्र विसरणार नाही.

माझ्या वडिलांची अकलूजला केळीची बाग होती. ती रस्त्याच्या रुंदीकरणात गेली आणि त्याच वर्षी वडीलही गेले. बाग मोडायच्या आधी मी एका केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा, म्हणजे कोवळा कोंब, काढून आणला होता. कुंडीत लावून वरच्या खोलीत खिडकीशी ठेवला. चांगला छातीएवढा झाला. माहेरचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. अक्काला हे सगळं मी सांगितलं होतं, अगदी डोळ्यांत पाणी आणून. त्यावर ती काय म्हणाली? “घरात केळ ठेवतंय व्हय कुणी? डास होत्यात.”

मग ऐन वैशाखात तिच्या नातीचा साखरपुडा निघाला. कार्य असलं की दाराच्या दोन्ही बाजूंना केळी उभ्या करायच्या, ही त्यांच्यातली रीत. आमच्यातही आहे. बाजारातून आणलेल्या दोन खुंटांपैकी एक वाटेतच मोडला. आता दुसरा आणायचा तर परत कोण जाणार? मी कामावर होते. वरची किल्ली अक्काकडे असायचीच. तिने भाच्याला वर पाठवून माझी कुंडी खाली आणवली.

संध्याकाळी येऊन बघते तर काय! गेटच्या एका बाजूला कापलेला खुंट आणि दुसऱ्या बाजूला माझी केळ. गळ्यात झेंडूची माळ, अंगावर लायटिंगची वायर गुंडाळलेली. जिने कधी खिडकीबाहेरचं ऊन पाहिलं नाही, तिला सोलापूरच्या उन्हात सिमेंटच्या रस्त्यावर दिवसभर उभी केली होती. पानं भाजून पांढरी पडली होती आणि कडा तर पापडासारख्या झाल्या होत्या.

“अक्का, ही माझी केळ हाय!”

“मग कापली का मी? लोक कापून आणत्यात. तुझी जित्ती उभी केली. उपकार मान की.”

व्याही मंडळी समोर बसलेली. मी दात-ओठ खात तशीच जिना चढले. पाहुणे गेल्यावर मात्र असं तोंड सोडलं, की शेजारच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. अक्का शांतपणे उरलेले लाडू डब्यात भरत होती. “चांगल्या कामाला लागली तुझी केळ,” एवढंच म्हणाली. माझा नुसता संताप संताप झाला.

केळ परत वर नेली नाही. वरच्या खोलीतली सावली आणि रस्त्यावरचं ऊन यांच्यामध्ये तिला कुठेतरी सावकाश सावरू द्यायला हवं होतं. म्हणून जिन्याखाली सावलीत ठेवली, कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. तेवढ्यात अक्का विडीची पानं कापायची कात्री घेऊन हजर. “मेलेली पानं कशाला ठेवायची? काढून टाकते.”

“हात लावून तर बघा! जेवढं हिरवं उरलंय तेवढ्यावरच ती जगणार हाय.”

कात्री परत गेली. पण गप्प बसेल तर ती अक्का कसली! दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर जिन्याखाली तंबाखूचा भपकारा. हिने तंबाखूचं पाणी ओतलं होतं.

“कीड लागत न्हाय त्यानं,” म्हणे.

“अहो, ती भाजलीय! तिला कीड कुटं लागलीय?”

“लागली असती म्हंजे?”

आता या बाईपुढे कोणी कपाळ फोडून घ्यायचं? मी तिला शेवटचं बजावलं, की सकाळचं कोवळं ऊन थोडं थोडं द्यायचं, ऊन तापायच्या आत सावलीत ओढायचं, बुडाशी पाणी घालायचं आणि बाकी काही करायचं नाही. ती नाक मुरडून आत गेली. पण पुढे बघते तर मी उठून खाली यायच्या आत गोणपाट भिजवलेलं असायचं. केळ अंगणात आणि शेजारी अक्का. “मलाच ऊन खायचं होतं,” असं उलट मलाच ऐकवायची. मग कुंडी ओढत आत न्यायची आणि केळीला शिव्या द्यायची. “सरक की गं भवाने! तुझ्यापायी रोज त्या वरचीचं ऐकून घेतोय आमी.”

केळीच्या मधल्या पोंग्यातून नवं पान आलं ते शेंड्याला करपलेलं.

“बघ, आलं की,” अक्का म्हणाली.

“अर्धं जळकं हाय.”

“अर्धं तर आलं!”

त्याच्या पुढचं पान आलं ते मात्र हिरवंगार, उलगडलं तेव्हा कुठे डाग नव्हता. मला भडभडून आलं होतं, पण तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी वर निघून गेले.

पावसाळ्यात कुंडी अपुरी पडायला लागली. अक्काने गवंडी बोलावला आणि अंगणातल्या शहाबादी फरश्या उचकटायला लावल्या. त्या फरश्यांवर कुणाची चप्पल आलेली तिला खपत नसे. “हितं लाव. कुंडीत काय घड येतोय?”

मी अडून बसले. “अक्का, एकदा चुकलं म्हणा, मग लावते.”

“चुकलं म्हणलं की मुळं धरत्यात व्हय? लाव गप.”

लावली. पण मी तिच्याकडचा चहा घेतला नाही. तिनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाणी कुणी जास्त घातलं यावर आमचं रोज वाजायचं.

दिवाळीनंतर अक्काने अंथरूण धरलं. दवाखान्यात भेटायला गेले तर नाकात नळी, तरी पहिला प्रश्न, “पाणी घातलीस का?” घातलं होतं, तसं सांगितलं. म्हणाली, “खोटं बोलतीस.” आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. ती गेली तेव्हा सगळी गल्ली तिच्याबद्दल गोड गोड बोलत होती. मला काही ते जमलं नाही.

उन्हाळ्यात केळीचा घड उतरवला. पिकल्यावर पहिली फणी घेऊन मी खाली अक्काच्या सुनेकडे गेले. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, देवापुढे ठेवली आणि म्हणाली, “वहिनी, तुम्हाला ठाऊक हाय का? तुम्ही कामाला गेलात की अंगणात पोरं चेंडू खेळायची. सासूबाई विड्या बाजूला ठेवून केळीपाशी काठी घेऊन बसायच्या. ओरडायच्या त्यांच्यावर, ‘लांब व्हा रे मेल्यांनो, तितं वरचीचा बाप उभा हाय!’”

मी जिन्यावर येऊन बसले. रडू आवरेना आणि रागही आवरेना. अगं अक्का, एवढं सगळं कळत होतं, तर एकदा माझ्या तोंडावर म्हणायला तुझी जीभ झडत होती का गं!